बाहेर चूल मांडताना: वीस माणसांचा स्वयंपाक निखाऱ्यांवर

सुट्टीत सगळं घर एकत्र जमलं, की एक दिवस मोकळ्यावर चूल मांडायची आणि सगळ्यांनी मिळून रांधायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा बेत. माणसं वीस-बावीस. रांगणाऱ्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे. चूल पहिल्यांदा माझ्याकडे आली त्या वर्षी जाळ छान धरलेला पाहून मी कोंबडीचे तुकडे थेट जाळीवर मांडले. पाचेक मिनिटांत ते बाहेरून काळेठिक्कर झाले. आत्याने एक तुकडा हाडापाशी मोडून पाहिला, तर आत गुलाबी, कच्चं मांस. सगळं उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागली. जेवायला साडेतीन वाजले आणि तोवर पोरं बिस्किटं खाऊन झोपी गेली होती. त्यांना उठवून ताटावर बसवताना मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून एक गोष्ट मी घट्ट धरून आहे: जाळावर पाणी उकळावं, अन्न भाजावं ते निखाऱ्यांवर. जागा, सरपण, वेळ यांबद्दल पुढे जे लिहिलंय ते सगळं चांगले निखारे हाताशी यावेत यासाठीच आहे.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे ऐनवेळी घाई होणार नाही. लाकूड तापलं की आधी त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग त्यातून वायू सुटतात आणि आपल्याला दिसते ती ज्वाळा या वायूंची असते. ते पुरते जळले नाहीत की त्यांचाच धूर आणि काजळी होते. वायू संपल्यावर मागे राहतो तो कोळसा. तो जवळजवळ धूर न करता, एकसारखी धग देत जळतो. ज्वाळा वाऱ्याबरोबर इकडून तिकडे पळते, निखारा जागचा हलत नाही. म्हणून ज्वाळेवर टाकलेला तुकडा बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो, वर काजळीचा कडवटपणा येतो तो वेगळाच.

जागा आणि चर

जागा दुसऱ्याची असेल तर आधी विचारा. कोरड्या दिवसांत उघड्यावर आग पेटवायला बंदी असते, तीही चौकशी करून घ्या. वारा इतका असेल की झाडांच्या फांद्या जोरात हलताहेत, तर त्या दिवशी चूल मांडूच नका. बेत दुसऱ्या दिवशीही होतो.

चुलीभोवती सगळ्या बाजूंनी निदान ३ मीटर जागा वाळलेलं गवत, पालापाचोळा, चटया, तंबू यांपासून मोकळी हवी. वर मान करून फांद्याही बघा. मुळांवर किंवा कुजलेल्या पानांच्या जाड थरावर आग लावायची नाही. तो थर आतल्या आत धुमसत जातो आणि कुठे वर निघेल ते कळत नाही.

तीन दगडांची चूल एका पातेल्याला पुरते. वीस माणसांना मी चर खणते: सव्वा मीटर लांब, वीतभर-दीड वीत रुंद, १५ ते २० सेंटिमीटर खोल. वरचा गवताचा थर कुदळीने सलग उचलून बाजूला ठेवा, शेवटी तो परत लावायचा आहे. दोन्ही कडांना विटा मांडा, त्यांवर जाळी आणि पातेली बसतील. दगड वापरायचे तर ओढ्यातले, नदीतले नकोत. त्यांच्या आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या उडतात.

चराच्या एका टोकाला जाळ, दुसऱ्या टोकाला निखारे, अशी वाटणी ठेवायची. जाळाच्या टोकाला लाकूड घालत राहायचं आणि तयार झालेले निखारे लांब फावड्याने दुसरीकडे ओढून घ्यायचे. त्यामुळे भाजणं चालू असतानाही नव्या लाकडाचा धूर अन्नाला लागत नाही. चर वाऱ्याच्या दिशेत खणा आणि वारा निखाऱ्यांकडून जाळाकडे वाहील असं टोक निवडा. हे उलटं झालं तर सगळा धूर भाजणाऱ्याच्या डोळ्यांत आणि अन्नावर. मूठभर वाळलेलं गवत हवेत सोडून बघितलं की वाऱ्याची दिशा कळते.

जाळी घेताना एक खबरदारी घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा कुंपणाची तार चुलीवर नको. मुलामा तापला की त्याचा धूर अंगात गेल्यावर ताप भरतो. साधी लोखंडी किंवा स्टीलची जाळीच आणा.

सरपण

लाकूड कोरडं आहे की नाही, हे हाताने आणि कानाने कळतं. काटकी वाकवली तर कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर ती ओली. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: कोरड्यांचा खणखणीत आवाज येतो, ओल्यांचा बद्द. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उडवण्यातच आग दमते, मग धूर होतो आणि निखारे पडत नाहीत. फोडलेलं लाकूड सहा महिने ते वर्षभर आडोशाला सुकलेलं असावं. जड, घट्ट लाकडाचे निखारे टिकतात. हलकं, चिकाळ लाकूड भरभर पेटतं आणि भरभर राख होतं. ते पेटवायला ठीक, भाजायला नाही.

जुनी खिडकी, रंगवलेली फळी, प्लायवूड, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड यातलं काहीही स्वयंपाकाच्या आगीत जाता कामा नये. अशा काही औषधांत आर्सेनिक असतं. कण्हेरीची फांदीसुद्धा नको. ते झाड सगळंच विषारी आहे, त्याचा धूरही घातक, आणि तिच्या काडीवर तुकडे खोवणं तर जिवावर बेतू शकतं. मुलं काड्या गोळा करायला गेली की आणलेली प्रत्येक काडी कुठल्या झाडाची ते मी बघून घेते. ओळख पटली नाही तर ती बाजूला.

किती लागेल? मनात येईल त्याच्या दुप्पट. मी हे तीन ढिगांत रचते: काडीएवढ्या काटक्या दोन कवळे भरून, अंगठ्याएवढ्या तेवढ्याच, आणि मनगटाएवढ्या जाड चिरफळ्यांचा गुडघाभर ढीग. बहुतेकांच्या बारीक काटक्या कमी पडतात आणि मग रॉकेल आठवतं. रॉकेल, पेट्रोल चुलीजवळ आणूच नका. पेटत्या किंवा विझल्यासारख्या दिसणाऱ्या आगीवर ते ओतलं की वाफ भडकते आणि ज्वाळा धारेवरून थेट हातातल्या डब्यापर्यंत येते.

पेटवणं

दोन जाड ढलप्या हातभर अंतरावर समांतर ठेवा. मध्ये वाळलेली पानं, सालीचा भुगा, थोडा कागद, मेणबत्तीचा तुकडा. वरून काटक्या आडव्या-उभ्या, सैल. बोट सहज आत जाईल इतकी फट राहिली पाहिजे, कारण आगीला हवा खालून लागते. काडी वाऱ्याच्या बाजूने लावायची. काटक्या तडतडू लागल्या की अंगठ्याएवढ्या घाला, त्या धरल्या की चिरफळ्या. जाळ बसत असेल तर फुंकणीने तळाशी लांब, सावकाश फुंकर घाला. वरून फुंकलं तर राखच उडते.

फुंकताना केस बांधलेले, ओढणी खोचलेली, अंगात सुती कपडे. नायलॉन-पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं.

वेळेचं गणित

एकला पान वाढायचं असेल तर साडेदहाला काडी लागली पाहिजे. मी कागदावर उलटं मोजत येते, आणि तो कागद जवळच्या झाडाला लावून ठेवते, म्हणजे "झालं का?" हा प्रश्न कोणी विचारत नाही.

साडेदहाला आग पेटते. जाळ धरला की अकराला त्याच्यावर रश्शाचं मोठं पातेलं, कारण उकळी आणायला ज्वाळा चांगली. साडेअकरापर्यंत पहिले चांगले निखारे पडतात, ते दुसऱ्या टोकाला ओढायचे. पावणेबाराला बटाटे फुफाट्यात. बाराला रसरशीत निखाऱ्यांचा जाड थर तयार, त्यावर जाळी ठेवून तापवायची, आणि सव्वाबाराच्या आत कोंबडी वर. त्याच सुमारास रश्शाचं पातेलं वैलावर सरकवल्यासारखं कडेला घ्या आणि जाळावर भाताचं आधण ठेवा. साडेबाराला कणसं. एकला सगळं उतरतं. समुद्रसपाटीपासून उंचावर असाल तर प्रत्येक ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळतं. डोंगरावर डाळ-भात शिजायला वेळ लागतो तो त्यामुळे. अशा ठिकाणी अर्धा तास आधी सुरुवात करा.

धग ओळखायची कशी

निखारा कधी तयार होतो? लाल भडक असतो तेव्हा नाही. त्याच्यावर करड्या राखेची पातळ साय धरते आणि खालून लाली दिसते, तेव्हा. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा आणि सावकाश मोजा. दोन-तीनला हात ओढावा लागला तर धग तीव्र: मासा, पातळ काप, कणसं. चार-पाच म्हणता आलं तर मध्यम: कोंबडी, जाड तुकडे. सहा-आठपर्यंत हात राहिला तर मंद: गरम ठेवायला, भात मुरायला.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. एका बाजूला चार बोटं जाड थर, मध्ये पातळ, आणि एक कोपरा अगदी रिकामा. तुकडा करपू लागला की सरकवायला जागा हवी. मांसातली चरबी खाली टपकून भडका उडाला तर तुकडा रिकाम्या कोपऱ्यात न्या, भडका आपसूक बसतो. पाणी शिंपडलंत तर राख उडून सगळ्या अन्नावर बसेल.

पातेली आणि पदार्थ

जाड बुडाची भांडी घ्या. प्लॅस्टिकच्या मुठीचं, नॉनस्टिकचं काही नको. बाहेरून भांडी घासायच्या साबणाचा नाहीतर ओल्या मातीचा पातळ लेप द्या, काजळी नंतर एका हाताने निघते. पातेलं चुलीवर ठेवण्याआधी पाण्याने भरून, मांडणीवर ठेवून हलवून बघा. पाच लिटर उकळतं पाणी कलंडणं ही या सगळ्या बेतातली सर्वांत मोठी भीती आहे. म्हणून मी ही तपासणी कधी टाळत नाही. तळणाचं काही उघड्या चुलीवर करत नाही. तरी फोडणीच्या तेलाने पेट घेतलाच तर झाकण टाका. पाणी मुळीच नाही. पाण्याची वाफ होताना ते सतराशे पटींच्या आसपास फुगतं आणि जळतं तेल चहूकडे फेकतं.

बटाटे मुठीएवढे, माणशी एक आणि वर चार. काट्याने टोचून घ्या, नाहीतर फुटतात. लाल निखाऱ्यांत नाही, फुफाट्यात, म्हणजे गरम राख आणि बारीक इंगळ यांच्या मिश्रणात पुरायचे. पाऊण ते एक तास. मध्ये एकदा उलटायचे. सुरी लोण्यात जावी तशी गेली की झाले. साल काळी होते, ती सोलल्यावर आत पिवळाधम्मक, वाफाळता गर निघतो. त्याच्यावर मीठ आणि लोणी. आमच्याकडे जेवण सुरू व्हायच्या आधीच निम्मे बटाटे संपलेले असतात. टोमॅटो किंवा लिंबू घातलेलं काही फॉइलमध्ये भाजणार असाल तर आत एक पान किंवा बेकिंग पेपर घाला. आंबट पदार्थ ॲल्युमिनियम खातो.

कणसं सालीसकट अर्धा तास पाण्यात भिजवा आणि मग जाळीवर. पंधरा-वीस मिनिटं, फिरवत. साल करपते, आत दाणे स्वतःच्या वाफेवर शिजतात. शेवटी साल सोडून दोन मिनिटं उघडी भाजली की तो खमंग वास येतो.

भात वीस जणांना दीड किलो तांदळाचा पुरतो. पाणी मापाने दुप्पट. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की खालचा जाळ ओढून घ्या, बुडाखाली मूठ-दोन मूठ निखारे राहू द्या आणि कडा असलेल्या सपाट झाकणावरही थोडे ठेवा. वीस मिनिटं हात लावायचा नाही. खालून-वरून मंद धग लागून प्रत्येक शीत सुटं होतं आणि तळ लागत नाही. झाकण उघडण्याआधी वरची राख ओल्या फडक्याने पुसून काढा.

कोंबडीवर मी जरा जास्त थांबते, कारण चूक महागात पडते ती इथेच. तुकडे हाडासकट, शक्यतो सारख्या आकाराचे. जाड भागाला चिरा. मसाला आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये. येताना बर्फाच्या पेटीत सगळ्यात खाली, म्हणजे कच्च्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही. चिमटे दोन ठेवते. कच्च्याच्या चिमट्याला लाल चिंधी बांधलेली असते, आणि ती कोणीही शिजलेल्याजवळ आणायची नाही. कच्चं ज्या ताटात होतं ते ताट बाजूला, शिजलेलं नव्या ताटात. उरलेला मसाला वरून लावायचा असेल तर खळखळून उकळल्याशिवाय नाही.

मध्यम धगीवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. पाच-पाच मिनिटांनी उलटायचं. रंगावर भरवसा ठेवू नका, धुराने मांस आधीच तांबूस होतं. छोटा थर्मामीटर विकत घ्या आणि सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. कोंबडी ७४ अंश सेल्सिअस, खिमा ७१, मासा ६३. मी तो घेतल्यापासून एकही तुकडा मोडून बघायची वेळ आली नाही.

वाढून झाल्यावर उरलेलं अन्न दोन तासांच्या आत बर्फाच्या पेटीत गेलं पाहिजे. ऊन कडक असेल, ३२ अंशांच्या वर, तर तासाभरात. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि भाताला तर दुपारभर उघडा ठेवणं अजिबात मानवत नाही.

माणसं

चुलीला एकच माणूस नेमा आणि त्याने जागा सोडायची नाही. पाणी हवं, मीठ हवं, फोन वाजला, तर दुसरं कोणीतरी धावेल. त्याच्या हाताशी जाड सुती किंवा कातडी हातमोजे, लांब चिमटा, पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या.

चुलीभोवती एक मीटरवर राखेने वर्तुळ आखा. मुलांना सांगायचं: रेघेच्या आत मोठ्यांचा हात धरूनच. "इकडे येऊ नका" असं दिवसभर ओरडण्यापेक्षा दिसणारी रेघ मुलं पाळतात, हे मी दरवर्षी बघते. शिवाय त्यांना खरं काम द्या. माझी सात वर्षांची भाची गेल्या वर्षी कणसांची साल ओढून मागे बांधायला शिकली, धरायला मूठ व्हावी म्हणून. बावीस कणसं तिने एकटीने बांधली, आणि जेवताना कोणी कणीस उचललं की ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

वयस्कर माणसांच्या खुर्च्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धुरापासून लांब. ज्यांना दमा आहे त्यांना तर आग चांगली धरेपर्यंत जवळ आणूच नका, सुरुवातीचा धूर सगळ्यात वाईट. संध्याकाळी गारठा पडला तरी निखाऱ्यांची परात खोलीत, तंबूत, गाडीत न्यायची नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो.

चटका बसलाच तर बांगड्या-अंगठी लगेच काढा आणि भाग थंड वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल-तूप नको. मग स्वच्छ प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने सैल झाका. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा तोंड, हात, सांधा भाजला असेल, तर डॉक्टरांकडे. लहान मूल असेल तर भाजणं थोडं वाटलं तरी.

विझवणं

एका वर्षी आम्ही चर मातीने बुजवला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा अनवाणी त्याच जागेवरून पळाला. वरची माती थंड होती, पण पाय जरा रुतला आणि त्याच्या तळव्याला फोड आले. माती किंवा वाळू टाकली की आग दिसेनाशी होते, विझत नाही. मातीखाली निखारे तासन्‌तास, रात्रभरसुद्धा गरम राहतात. त्याच्या रडण्याचा आवाज मला अजून आठवतो.

आता मी घरी निघायच्या तासभर आधी लाकूड घालणं बंद करते. उरलेले निखारे चरभर पसरवते, म्हणजे लवकर थंड होतात. मग बाजूला उभं राहून तांब्याने पाणी, हळूहळू. एकदम बादली उपडी केली तर तापलेली वाफ तोंडावर येते. फावड्याने ढवळायचं, मोठी लाकडं उलटून त्यांच्या खालच्या बाजूला पाणी, पुन्हा ढवळायचं. फस्स आवाज येणं थांबलं की अजून एक बादली.

मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेते, काही लागत नाही असं वाटलं की बोटं आत घालते, तळापर्यंत. सगळीकडे गार चिखल लागला, तरच विटा उचलायच्या, चर भरायचा आणि सकाळी बाजूला ठेवलेला गवताचा थर परत जागेवर बसवून वर पाणी शिंपडायचं.